अडीच वर्षांचं ‘कळवतो’

चारुदत्त पांढरीपांडे पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा त्याने माझ्या आमटीत खोट काढली. म्हणाला, मावशी, राग मानू नका, पण हिच्यात गूळ तुम्ही जरा भीत भीत टाकलाय. आमच्या ह्यांनी तीस वर्षांच्या संसारात माझ्या आमटीबद्दल बरं-वाईट एक अक्षर काढलं नव्हतं, त्यामुळे मी तिथल्या तिथे विरघळले. स्तुती काय, कोणीही करतं. हा आधी एक बारीकशी चूक दाखवायचा, मग पुढच्या घासाला डोळे मिटून गप्प व्हायचा, आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे करायचा. दिसायला म्हणाल तर उंच, सावळा, एक भुवई जरा वर चढलेली. आवाज असा, की फोनवर ‘काकू, झोपला नव्हता न?’ एवढं विचारलं तरी काकूंना दुपारची झोप मोडल्याचं वाईट वाटू नये.

ही दोन हजार एकच्या हिवाळ्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या आमच्या एडिसन गावात तेव्हा नोकऱ्या गेलेल्या मुलांचं पीक आलं होतं. चारुदत्त नागपूरचा, कॉम्प्युटरवाला. ज्या कन्सल्टिंग कंपनीने त्याला इकडे आणलं, तिच्याकडे त्याला द्यायला प्रोजेक्ट नव्हता, म्हणून तो ‘बेंचवर’ होता. म्हणजे दोन खोल्यांत सहा मुलं, एकच कढई आणि रोज तोच अंड्याचा रस्सा. खाण्यावर जीव असलेल्या माणसाचे याहून हाल कुठले असणार?

आता आमच्यातली एक रीत सांगते. अमेरिकेत आल्यावर आम्ही मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम बंद केला, असं आम्ही सगळे मोठ्या अभिमानाने सांगतो. त्याऐवजी ‘शनिवारी सहज जेवायला ये’ असं म्हणतो. घरात लग्नाची मुलगी, आणि जेवायला बोलावलेला एकच मुलगा. मुलगी जीन्समध्ये असते, कांदेपोहे नसतात, गाणं म्हणायला कोणी सांगत नाही. पण आईने बुधवारीच वाल भिजत घातलेले असतात. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि कोणी काही बोलत नाही. निघताना मुलगा म्हणतो, ‘घरी बोलून कळवतो.’ नकार असेल तर आठ-दहा दिवसांत पत्रिका जुळत नसल्याचा निरोप येतो. पत्रिका कोणी उघडलेली नसते, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या एका खोट्याने मुलगी मोकळी होते. दुसरीकडे बघता येतं.

चारुदत्तचा लबाडपणा एवढाच, की तो निरोप पाठवायचाच नाही. होकार नाही, नकार नाही. आठ दिवसांनी फोन करून विचारायचा, ‘काकू, त्या दिवशीच्या वालाच्या बिरड्याला वाटण कुठलं होतं?’ काकू म्हणायच्या, अरे फोनवर काय सांगू, ये शनिवारी. अशी पाच घरं त्याने लावली होती. पाचही घरांना त्याचा नंबर मी दिला होता. त्याला लग्न करायचंच नव्हतं हे मला ठाऊक नव्हतं, एवढं मात्र माझ्या बाजूने लिहून ठेवते. माझ्या बाजूचं लिहिण्यासारखं दुसरं फारसं काही नाही.

या पाचांत केळशीकरांचं घर पहिल्या नंबरचं. डॉक्टर चंद्रशेखर केळशीकर मितभाषी माणूस. त्यांची बायको रेखा माझी तीस वर्षांची मैत्रीण, हाताला चव अशी की तिच्या घरून निघताना लोकांची पावलं जड व्हायची. त्यांची हिमानी हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट होती. सत्तावीस वर्षांची, शांत, मोजकं बोलणारी. आणि तिला तो आवडला. ती तसं म्हणाली नाही, पण चारुदत्त यायचा त्या शनिवारी ती ड्यूटी बदलून घ्यायची. हे मला रेखाने सांगितलं, आणि मी आणखी चौघींना.

दोन हजार दोनच्या नोव्हेंबरात तो तिथे पहिल्यांदा ‘कळवतो’ म्हणाला. महिना गेला, दोन गेले. रेखाने मला फोन करून विचारलं, तुझ्यापाशी काही बोलला का गं? तो माझ्यापाशी एका शब्दाने बोललेला नव्हता. मी म्हणाले, बोलायचं काय त्यात, मुलगा तयारच आहे समज. असं का म्हणाले? ‘नाही बाई, मला काही ठाऊक नाही’ म्हटलं असतं तर फोन दोन मिनिटांत संपला असता. तो पाऊण तास चालला.

पुढच्या वसंतात हिमानीला बोस्टनचं एक स्थळ आलं. मुलगा बरा होता, एकदा येऊन भेटूनही गेला. हिमानी म्हणाली, थांबू या. कोणासाठी ते कोणी विचारलं नाही. बोस्टनला पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं गेलं, आणि सहा महिन्यांत त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं. चारुदत्त मात्र दीड वर्ष शनिवारी येऊन जेवत राहिला. मध्यंतरी त्याला नेवार्कला चांगली नोकरी लागली होती, म्हणजे उपासमार संपली होती. सवय संपली नव्हती. नंतर त्याचं येणं कमी होत होत थांबलं. मग आमच्या मराठी मंडळात कुजबुज सुरू झाली, की एवढा चांगला मुलगा दीड वर्ष येऊन गप्प बसला, म्हणजे केळशीकरांच्या मुलीतच काहीतरी असणार. कोणी म्हणालं तब्येतीचं, कोणी म्हणालं कॉलेजातलं काही. ही कुजबुज मी सुरू केली नाही. पण फोन कानाला लावून मी ती शेवटपर्यंत ऐकली, एकदाही अडवली नाही.

आता पद्मजा.

बेंचवरच्या दिवसांत चारुदत्त अर्ज पाठवायला पब्लिक लायब्ररीत जायचा, तिथलं इंटरनेट फुकट म्हणून. पद्मजा तिथे डेस्कवर होती. दहाव्या वर्षी नाशिकहून आलेली, पस्तिशीला टेकलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सत्ताविसाव्या वर्षी घटस्फोट झालेला. म्हणून तिच्यासाठी कोणाला ‘सहज जेवायला’ बोलवावं, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात कधी आलं नाही. बघा, माझ्या नावावर आणखी एक निघालं.

लायब्ररी रिकामी असली की ती इंग्लंडातल्या जॉर्ज राजांच्या काळातल्या प्रेमकथा वाचत बसायची. मुखपृष्ठावर गुडघ्यापर्यंत बूट घातलेला, शर्टाची बटणं उघडी टाकलेला एक उमराव आणि मागे घोडागाडी. आत ठरलेली गोष्ट. उमराव देखणा, लबाड, अर्ध्या लंडनला फसवून बसलेला. मग त्याला एक खमकी मुलगी भेटते आणि प्रेमाने तो सुधारतो. चारुदत्तने आपली ती भुवई वर करून विचारलं, यातलं पहिलं कुठलं वाचू? तिने न हसता एक काढून दिलं आणि तीन आठवड्यांत परत करायला सांगितलं. त्याने चार दिवसांत परत केलं. दोन वर्षांत त्याने असली चाळीस पुस्तकं वाचली. मला म्हणाला होता, मावशी, सुरुवातीला बोलायला विषय म्हणून वाचत होतो. नंतर ते नेमकं कुठल्या पुस्तकाशी बदललं, त्याला आठवत नव्हतं. पाच घरांतल्या काकवांसमोर सुरीसारखी चालणारी जीभ या बाईसमोर जड व्हायची. ती स्वयंपाक करत नव्हती, तिला खुशामत कळत नव्हती, आणि तो गेला काय न गेला काय, तिचं काही अडत नव्हतं.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात तो तिला विचारणार होता. त्याआधी वातावरण हलकं करावं म्हणून आपले जुने पराक्रम सांगत बसला. लायब्ररीच्या मागच्या बाकावर दोघं दुपारचा डबा खात होते. पहिल्या घराची पुरणपोळी, दुसऱ्या घरचं भरलं वांगं, सगळ्या नकला त्याने करून दाखवल्या. ती दोनदा हसलीसुद्धा. मग केळशीकरांचं बिरडं आलं आणि तिचं हसू थांबलं.

“त्या मुलीला काय सांगितलंस?”

“कळवतो म्हटलं.”

“कळवलंस?”

त्याने डब्यातली पोळी मोडली.

“किती दिवस झाले?”

“अडीच वर्षं,” तो म्हणाला. आकडा तोंडातून बाहेर पडल्यावरच त्याने पहिल्यांदा ऐकला, असं मला नंतर म्हणाला.

पद्मजाने डबा बंद केला. तो काय विचारणार होता, हे तिला केव्हाच कळलेलं होतं. म्हणाली, “तू ती पुस्तकं वाचलीस ना? शेवटच्या पानावर तो सुधारतो आणि नायिकेला मिळतो. पहिल्या शंभर पानांतल्या बायकांचं पुढे काय झालं, ते कोणी लिहीत नाही. मला शेवटच्या पानावर यायचं नाही. आधी जा, पाचही घरी जा, आणि नाही म्हणून ये. पत्रिकेचं नाव काढायचं नाही. मग मला काय ते विचार.”

तेव्हापासून त्याची झोप उडाली ती नकाराच्या भीतीने नव्हे. पाच घरांतल्या चार मुलींचे चेहरे त्याला नीट आठवेनात. जेवण आठवत होतं.

सगळ्यात आधी तो गेला मोरेश्वररावांच्या घरी. त्यांची रुचा तेव्हा लॉ स्कूलमध्ये होती. चारुदत्तने हात जोडून सुरुवात केली, तर रुचा पोट धरून हसायला लागली आणि इंग्रजीतच म्हणाली, की बाबा रे, माझा बॉयफ्रेंड तेव्हाही होता आणि आताही आहे. मोरेश्वररावांना ही बातमी नवीन होती. चारुदत्त मागच्या मागे सटकला. दोन घरं तशीच पार पडली, थोड्या टोमण्यांवर. चौथी रत्ना. ती लग्न होऊन ओहायोत डब्लिनला गेली होती. चारुदत्तने पद्मजाला विचारलं, हिला फोन केला तर चालेल? ती म्हणाली, जेवायला फोनवर गेला होतास का? मग चार जुलैच्या सुट्टीत पठ्ठ्या नऊ तास ड्राइव्ह करून गेला. रत्नाच्या कडेवर मूल होतं. तिने ऐकून घेतलं, नवऱ्याला हाक मारली आणि म्हणाली, हा बघ, तो खाऊन गेलेला. नवऱ्याने त्याला चहा दिला. परत येताना नऊ तास त्याच्या कानात ते ‘खाऊन गेलेला’ वाजत होतं.

पाचव्या घरी जायला त्याला ऑगस्ट उजाडला. माझ्याकडे येऊन म्हणाला, मावशी, तुम्ही चला. नंबर तुम्ही दिला होता. मी गुडघ्याचं निमित्त सांगून पाहिलं. तो दारातच उभा राहिला. गेले.

रेखाने दार उघडलं. इतक्या महिन्यांनी त्याला बघून तिच्या चेहऱ्यावर जो उजेड आला, तो मला बघवला नाही. तिला वाटलं, आला. सोबत मीही होते, म्हणजे मध्यस्थ घेऊन रीतसर आला. आम्ही बसतो न बसतो तोच तिने थालीपिठं लावायला घेतली. हिमानी वरून खाली आली, वडिलांच्या खुर्चीमागे उभी राहिली. थालीपिठाची ताटली समोर आली, वर लोण्याचा गोळा. चारुदत्तने ती हातभर लांब सरकवली. त्या घरात त्याने ताट सरकवलेलं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

“काकू, मला तेव्हा लग्न करायचंच नव्हतं,” तो म्हणाला. “मी जेवायला येत होतो.”

रेखाला कळलंच नाही. हातात उलथनं तसंच. डॉक्टर केळशीकरांना कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही.

हिमानीने विचारलं, “मग तेव्हाच ‘नाही’ का म्हणाला नाहीस?”

“नाही म्हटलं असतं तर पुढच्या शनिवारी कोणी बोलावलं नसतं.”

मी इतकी वर्षं लोकांची भांडणं ऐकत आले, पण एवढं खरं, एवढं क्षुद्र उत्तर मी ऐकलेलं नाही. त्यात लपायला जागाच नव्हती. हिमानीने बोस्टनचं सांगितलं, कोरड्या आवाजात, औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवावं तसं. “त्या माणसाच्या पत्रिकेत काही नव्हतं. मी खोटं सांगायला लावलं. तुझ्यासाठी.” मग तिने माझ्याकडे बघितलं. “आणि मावशी, तो तयार आहे असं आईला तुम्ही सांगितलं होतं. तो तुमच्यापाशी बोलला होता?”

मी मान हलवली. नाही.

“आत्ताच का सांगतोयस?” तिने त्याला विचारलं. तो खोटं बोलू शकला असता. सद्सद्विवेक जागा झाला वगैरे म्हणाला असता, आणि मी मानही डोलावली असती. पण त्याने सांगितलं, की एकीला लग्नाचं विचारायचं आहे, आणि आधी इथे जा असं तिने सांगितलं.

हिमानी म्हणाली, “म्हणजे आजसुद्धा तू तुझ्याच कामासाठी आलास.”

तो चाबकाचा फटका बसल्यासारखा खाली बघत राहिला. रेखा मागे वळून गॅस बंद करत होती, आणि तो आधीच बंद होता.

शेवटी त्याने विचारलं, मी काय करू? माफ कर, असं तो म्हणाला नाही, तेवढं बरं केलं. हिमानी म्हणाली, “लोक म्हणतात माझ्यातच काहीतरी आहे. मला कामावरसुद्धा एका पेशंटने विचारलं. गणपतीत स्टेजवर चढून भाषण ठोकू नकोस, तिथेही तू हीरो होशील. जिथे जिथे हे बोललं गेलंय, तिथे तिथे जाऊन सांग. मावशींना ती घरं तोंडपाठ असतील.”

होती. एकूण अडतीस.

चार रविवार तो माझ्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसला. मी फोन लावायची, हवापाणी न विचारता सांगायची, की केळशीकरांच्या हिमानीबद्दल आपण जे बोललो ते खोटं आहे, आणि ज्याच्यामुळे बोललो तो इथे बसलाय. मग रिसीव्हर त्याच्या हातात. तो तेच सांगायचा: मुलीत काही नव्हतं, मी जेवायला जात होतो, नकार देण्याची हिंमत केली नाही. पहिल्या दहा फोनांत त्याचा आवाज जुन्या सवयीने गोड व्हायचा, समोरची बाई विरघळून म्हणायची, जाऊ दे रे, तरुण असताना होतं. मग तो फोन ठेवून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, मावशी, हा मोजायचा नाही, पुन्हा लावा. त्या बाईला पुन्हा फोन, या वेळी गोडवा नाही. अकराव्या फोनपासून बायका रागवायला लागल्या तेव्हा तो थोडा सैलावला. एका काकूंनी त्याला सरळ हावरट म्हटलं. तो ‘हो’ म्हणाला.

मलाही सोडलं नाही लोकांनी. एकीने विचारलं, आणि तुम्ही हो? मी म्हणाले, मीपण. दर फोननंतर मला पाणी प्यावं लागायचं. माझ्या आयुष्यातले सगळ्यात लहान फोन ते.

त्या वर्षीच्या गणपतीत शाळेच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत तो उभा होता. वाढणाऱ्या बायकांनी त्याला मोजून एकेक डाव वाढला आणि नजर पुढच्याकडे वळवली. एडिसनमधल्या एकाही घरातून त्याला पुन्हा ‘सहज जेवायला ये’ आलं नाही. ज्या गोष्टीसाठी त्याने सगळं केलं, ती अख्खी गेली.

पद्मजाला त्याने सगळं सांगितलं, हिमानीचं ते वाक्यसुद्धा. आणि म्हणाला, तिचं बरोबर आहे. मी तुला मिळवायला गेलो होतो, म्हणून आता मी विचारत नाही. विचारलं तर तो हिशोब पुरा झाल्यासारखा होईल. पद्मजाने मान हलवली आणि काम करायला लागली. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. तो पुस्तकं नेत राहिला, परत करत राहिला, डेस्कवर थांबला नाही. मला तर वाटलं, गेलं हे स्थळ. मी मात्र ते कोणाला बोलले नाही. तेवढं शिकले होते.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी तिने पुस्तकाबरोबर आपल्या घराचा पत्ता लिहून दिला. रविवारी बारा वाजता. स्वयंपाक तिने स्वतः केला होता, म्हणजे मुगाची खिचडी तळाला लागली होती आणि पापड करपले होते. दोघं समोरासमोर बसून ते खात होते. तिने विचारलं, हिमानीबद्दल आता लोक काय म्हणतात? तो म्हणाला, तिच्याबद्दल काही म्हणत नाहीत, माझ्याबद्दल म्हणतात. ती म्हणाली, बरं. मग थोड्या वेळाने म्हणाली, “डिसेंबरात मला दोन आठवडे सुट्टी असते.”

त्याच्या हातातला घास हातातच राहिला, हे मला पद्मजाने सांगितलं. तो रडला, हेही तिनेच सांगितलं, आणि ते छापायला हरकत नाही म्हणाली.

लग्न ब्रिजवॉटरच्या देवळात झालं, तीस माणसांत. आमंत्रणाची यादी करताना चारुदत्तने केळशीकरांचं नाव लिहिलं आणि पेन तसंच धरून बसला. पद्मजाने ते खोडलं. म्हणाली, बोलावलंस तर त्यांना काहीतरी निमित्त सांगून नाही म्हणावं लागेल. आता तेही त्यांच्यावर कशाला?

रेखा माझ्याशी बोलते, म्हणजे देवळात दिसले तर कशी आहेस विचारते. तिच्या घरी मी तीन वर्षांत गेलेले नाही. तिने बोलावलेलं नाही. चारुदत्त आता घरचा स्वयंपाक स्वतः करतो, चांगला करतो. नवरा म्हणूनही चांगला आहे, हे पद्मजा सांगते आणि ती उगीच सांगणारी नाही. पण नवीन कोणी भेटलं आणि ‘एकदा जेवायला या की’ म्हणालं, की त्याचा चेहरा उतरतो. ‘बघतो’ किंवा ‘कळवतो’ त्याच्या तोंडून निघत नाही. तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणतो, आणि बहुतेक वेळा नाहीच.

राहिली हिमानी. तिचं पुढे काय झालं, ती कुठे आहे, लग्न केलं की नाही, केलं तर कोणाशी, हे तुम्ही विचारणारच. अडतीसही घरांतून मला विचारून झालंय. मला सगळं ठाऊक आहे, अगदी तारीखवार.

मी सांगणार नाही.